ताईचा एमआरआय

माझी मोठी बहीण चांदवडजवळच्या खेड्यात दिलेली, आई येवल्याला आणि मी नाशकात. गेल्या काही वर्षांत ताईचं माहेरी जाणं कमी होत होत थांबलंच. दिवाळीला नाही, मावशीच्या नातीच्या साखरपुड्यालाही नाही. आईनं ते मनाला लावून घेतलं होतं. फोनवर म्हणायची, "बंगला बांधला न् तिला माझं घर नकोसं झालं."

एका सकाळी ताई न कळवता माझ्या दारात आली. नाशकातल्या द्वारका चौकापर्यंत एसटीत उभ्यानं आली होती. मी खुर्ची पुढे केली, तरी ती भिंतीला टेकून उभीच राहिली. माझे मिस्टर कामावर गेले, तेव्हा कुठे बोलली.

"मला भगंदर झालंय. दोनदा कापलं. तरी परत पू येतोय."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"कसं सांगू गं? असल्या जागंचं दुखणं. साडीला डाग पडंल, वास येईल, सारखा ह्योच धाक. बसमधी कोणाशेजारी बसू?"

मी तिला सर्जनकडे नेलं. तपासून ते म्हणाले, "आधी एमआरआय. आत वाट कुठून कुठे गेलीय, ते दिसल्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

एरवी कधी न काढलेलं मंगळसूत्र तिनं माझ्या हातात दिलं आणि एमआरआयच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती. "डोक्यावर कोणी पत्रे बडवतंय असं वाटलं," एवढंच बोलली.

सर्जननी पडद्यावर दाखवलं. काळपट चित्रात एक पांढरी रेघ होती. ती त्वचेपासून आत जात होती, आणि आत गेल्यावर तिला एक फाटा फुटला होता. फाट्याच्या टोकाला पुवाची पिशवी. "दोन्ही वेळा बाहेरची वाट मोकळी केली, हा फाटा आतच राहिला. म्हणून परत आलं." मग त्यांनी बोट दुसरीकडे नेलं. "हा संडासावर ताबा ठेवणारा स्नायू. इथं आधीच कापला गेलाय. आणखी कापला तर ताबाच जाईल. म्हणून मी कापणार नाही. पिशवी रिकामी करू, वाटेत एक धागा सैल बांधून ठेवू. पू वाहून गेला, जागा सुकली, की काही महिन्यांनी स्नायूला धक्का न लावता वाट बंद करू."

ताईनं विचारलं, "पहिल्याच वेळी हा फोटो काढला असता तर?"

ते परत पडद्याकडे वळले. "तर कदाचित स्नायू वाचला असता. खात्रीनं नाही सांगता येणार."

जिना उतरताना ती मध्येच थांबली. "घरात सगळे म्हणायचे, तू पथ्य पाळलं नाय. मी तिखट सोडलं, वांगं सोडलं, रात्रीचं जेवण सोडलं. मला वाटायचं, माझंच कायतरी चुकतंय."

ऑपरेशनमध्ये फाटा चित्रातल्याच जागी सापडला. धागा बांधल्यावर ताई माझ्याकडेच राहिली. म्हणायची, "हा निघाला की येवल्याला जाते. आईजवळ बसून सगळं सांगते. फोनवर नाय सांगता येत असलं." मीही म्हटलं, तूच सांग.

धागा निघायच्या आत आई गेली. झोपेतच.

ताईला गाडीच्या मागच्या सीटवर आडवी करून नेलं. अंगणात बायका बसलेल्या. मावशी म्हणाली, "आता सवड झाली व्हय गं?" ताई आईच्या उशाशी, फरशीवर, मांडी घालून बसली. मी उठवायला गेले तर माझा हात झटकला. आईला उचलेपर्यंत हलली नाही. उठली तेव्हा साडीला मागं डाग होता. मी तिच्या पाठीशी चिकटून चालले.

पुढचं ऑपरेशन नीट झालं. जखम सुकली. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला, त्यात कुठेच पू नव्हता. सर्जन खूश होते. ताईनं विचारलं, "मग आता पोटातला वारा धरवंल का? चारचौघांत लय लाजल्यासारखं होतं."

"स्नायू आहे तेवढाच राहणार, ताई. व्यायाम सांगतो, थोडा फरक पडेल."

तिनं त्यांना हात जोडले. बाहेर येऊन बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. मी शेजारी बसून राहिले.