धुक्याला पॉलिश

धम्मरत्नभाऊंचा हात फिरला की पत्र्यात तोंड दिसायचं. चाकणच्या कंपनीत नव्या गाड्यांचा रंग तपासण्यात त्यांचा जन्म गेला. चिखलीतल्या बायका तर अजून हसतात: लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा हा बाबा त्यांना पाणी विचारायचं सोडून त्यांच्या गाडीच्या दारावरून बोट फिरवत बसला होता! रंगात वळ राहणं म्हणजे त्यांच्या लेखी गुन्हाच. रिटायर झाले, पण बोटं गप्प बसतील तर शपथ.

लेक आम्रपाली चित्रं काढते. तिचं एक तैलचित्र पुण्याच्या प्रदर्शनाला निवडलं गेलं. आळंदीचा घाट, हिवाळी धुकं आणि त्यात विरत गेलेला पूल. दुपारी न्यायला गाडी येणार, म्हणून ती खोकं आणायला गेली आणि इकडे भाऊंनी चित्रावरून हात फिरवला. अरे देवा! सगळं खडबडीत.

"पोरीचं नाव पुण्यात जाणार, अन् माल असा?"

त्यांनी गाडीचा रंग घासायचा वॉटर पेपर भिजवला. मायेनं, हलक्या हातानं घासलं. वरून पॉलिशही मारलं.

बायको कस्तुराबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. "अहो, हे काय केलंत?"

"फिनिशिंग."

तेवढ्यात आम्रपाली दारात. खोकं हातातून गळून पडलं. ती थेट चित्रापाशी आली.

"बाबा, धुकं कुठंय?"

भाऊंनी पाहिलं. घाट होता, पूल होता, सगळं लख्ख. धुकं नव्हतं.

"मी फक्त खडबडीत तेवढं..."

"तेच धुकं होतं."

तिनं त्यांचं बोट धरून वरच्या कोपऱ्यावर टेकवलं. तेवढाच वाचला होता. "इथं ब्रश जवळजवळ कोरडा होता. ओढला तेव्हा खालचा निळा मधूनमधून तसाच राहिला. आता मागं सरका."

भाऊ भिंतीला टेकेपर्यंत सरकले. त्या वीतभर तुकड्यातून पहाटेचा गारठा अंगावर आला, नदी न दिसताही दिसली. मग नजर खाली घसरली आणि त्यांना दरदरून घाम फुटला.

खाली हॉर्न वाजला. आम्रपाली जागची हलेना. भाऊच जिना उतरले.

"काका, चित्र कुठाय?" ड्रायव्हरनं विचारलं. "रिजेक्ट झालं का काय?"

"चित्र चांगलं होतं, भावा," भाऊ म्हणाले. "तपासणारा रिजेक्ट."