आईच्या रानातला बाजार

आईच्या रानात गुरांचा बाजार आहे. म्हणजे नगरपालिकेच्या नकाशात आहे. रानात आजवर एक खोंडसुद्धा विकायला उभं राहिलेलं नाही. तिथे ज्वारी असते, पाऊस बरा झाला तर तूर.

हे रान आईला तिच्या वडिलांनी चोळीबांगडीसाठी दिलेलं. गावाबाहेर, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. माझे वडील गेल्यावर तिने एकच ध्यास घेतला: रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधायच्या आणि दिराच्या घरातून एकदाचं बाहेर पडायचं. विटा कुठल्या भट्टीच्या घ्यायच्या हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

मग दुष्काळ पडला. दूध संघाचे चेअरमन घरी आले आणि जनावरांच्या छावणीसाठी रान मागू लागले. रस्त्यापलीकडे त्यांची स्वतःची जमीन होती, खडकाळ आणि ओसाड. तिथे का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाले तिथे टँकर चढत नाही. पुढे तिथे ट्रक चढले, सिमेंट चढलं, दुमजली बंगले चढले, टँकर तेवढा चढत नव्हता. आईने मात्र त्यांचा चहा संपायच्या आत होकार दिला. छावणी उभी राहिली आणि तिच्या तोंडाशी चेअरमनांचा हात जोडलेला फोटो लागला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ती अशी.

त्याच उन्हाळ्यात गावाच्या विकास आराखड्यासाठी पाहणी करणारे साहेब आले. कुठल्या जमिनीचा सध्या काय वापर आहे हे प्रत्यक्ष फिरून नोंदवायचं, हे त्यांचं काम. ते चेअरमनांच्या जीपमधून फिरले, आणि उन्हं फार म्हणून खाली उतरले नाहीत. आमच्या रानात गुरं दिसली. त्यांनी गुरं लिहिली. आजारी माणसाच्या मापाने त्याचे लग्नातले कपडे शिवावेत, तसा दुष्काळात आमच्या गावाचा नकाशा बेतला गेला.

आराखडा जाहीर झाला तोवर मी बीडच्या कोर्टात वकिली करू लागले होते. नगरपालिकेच्या भिंतीवर नकाशा टांगला होता. चेअरमनांचा खडक पिवळा, म्हणजे राहण्यासाठी, घरं बांधायला मोकळा. आईच्या रानावर आरक्षण: गुरांचा बाजार. तिथे आता तिला दोन खोल्या काय, न्हाणीसुद्धा बांधता येणार नव्हती.

ज्या कायद्याने हे झालं, त्याची तत्त्वं मला तोंडपाठ होती. जमीन मालकाची, पण वापर गावाच्या हिताचा. घराशेजारी कारखाना नको, ओढ्यात घर नको. चालू वापराला धक्का लावायचा नाही आणि शेवटचा शब्द लिहिण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायच्या. एकही तत्त्व वाईट नाही. वाईट एवढंच, की ती अमलात आणायला माणसं लागतात, आणि आमच्याकडे ती माणसं चेअरमनांच्या जीपमधून फिरतात.

मी हरकत दाखल केली. सुनावणीला हरकती ऐकणाऱ्या समितीच्या साहेबांशेजारी खुद्द चेअरमन सदस्य म्हणून बसलेले. कुंपणच शेत खायला बसलेलं. मी सातबारा दाखवला, वर्षानुवर्षांची ज्वारी दाखवली. छावणी तात्पुरती होती, तिला जमिनीचा वापर म्हणत नाहीत, असं सांगितलं. साहेबांनी एकच विचारलं, पाहणीच्या दिवशी तिथे जनावरं होती की नव्हती? होती, मी म्हणाले. ते समाधानाने मागे टेकले.

चेअरमन आईकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "वैनी, जागा तुमीच दिलती की. आमी काय जबरदस्ती केलती का?"

"दिलती," आई म्हणाली. "जनावरं मरत होती म्हनून दिलती."

साहेबांनी 'जागा स्वेच्छेने दिली' असं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. हरकत फेटाळली. इतका निर्लज्ज कारभार मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतर पुष्कळ पाहिला.

बाजार काही आला नाही. पालिकेने रान ताब्यात घेतलं नाही आणि सोडलंही नाही. आई दिराच्या घरातच म्हातारी झाली. मी वर अपील केलं, ते अजून चालूच आहे.

पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा चेअरमनांनी छावणीसाठी माणूस पाठवला. आईने त्याला, जनावरं पिवळ्यात बांधा, असं सांगून परतवून लावलं. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी रानात होतो. रस्त्यावरून एक धनगर म्हातारा दोन हडकलेल्या गाई घेऊन आला. त्याला छावणी नको होती, चारा नको होता. ऊन उतरेपर्यंत कडुलिंबाखाली गाई उभ्या करू का, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणणार, तोच आईने पुढे होऊन फाटकाची कडी लावली.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "सावली दिली की लिवून घेत्यात."

त्याला काही कळलं नाही. तो गाई हाकत पुढे गेला.