मारताबाईची बाज आणि पाचवा हात

प्रकाशदादाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत होते. "उपकारस्तुतीच्या भक्तीला संदेश तू द्यायचा. आई म्हणून राह्यली, भाचीलाच बोलवा," एवढं सांगून त्याने फोन ठेवूनही दिला. उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानायची गावच्या प्रार्थनाघरातली खास भक्ती, आणि संदेश म्हणजे तिथलं प्रवचन. प्रकाशदादा माझा आतेभाऊ आणि त्याची आई माझी मार्थाआत्या. वाटूरजवळच्या त्यांच्या गावात तिला सगळे मारताबाई म्हणतात. तिचं तोंड ऐकलेल्या कुणालाही नावात चूक झालीय असं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्या पडली, मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून ती बाजेवर आहे. पाय चालत नाहीत, दोन मिनिटांपलीकडे बसवत नाही, म्हणून रिक्षा नाही की चाकाची खुर्ची नाही. दोन वर्षं तिने प्रार्थनाघर पाहिलेलं नव्हतं. यंदा तिला भक्तीला न्यायचंच, असं मी ठरवून टाकलं. संदेशाचा विषयही ठरला. कफर्णहूमात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, दारात मुंगीला शिरायला जागा नसते, मग ते छप्पर उसकटून त्याला येशूसमोर खाली सोडतात आणि तो बरा होऊन चालू लागतो, ती बायबलातली गोष्ट. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

जानेवारीतल्या शनिवारी पहाटे नगरहून एसटी धरली, संभाजीनगरला गाडी बदलली आणि जेवणवेळेआधी जालन्यात पोचले. पुढच्या गाडीला अवकाश होता, म्हणून रिक्षाने जुना जालना गाठला. तिथल्या गल्ल्यांत धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे आणि दुचाक्या यांच्यामधून अंग चोरत चालावं लागतं, पण कापड घ्यावं तर तिथेच. "बाजंवर टाकायची ना? मंग ही चादर घ्या. बिलकुल रंग जाणार न्हाई," दुकानदार म्हणाला. हिरवीगार निघाली, घेतली.

वाटूरची एसटी बायकांना अर्ध्या तिकिटात. खिडकी मात्र डावीकडची पकडा, दुपारचं ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्याला आलेली आणि हरभरा गुडघ्याएवढा. फाट्यावर उतरून गरम भजी खाल्ली आणि वीस रुपयांत गावची रिक्षा मिळाली. दुपार कलल्यावर रिक्षा भरायला वेळ लागतो, तेव्हा जरा लवकर पोचा.

आत्याने आधी मला पोटाशी धरलं, मग वाळलीस म्हणून झापलं. येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा असं जेवण झालं. नाकातून पाणी येईपर्यंत जेवले. आणि त्या आनंदात मी बोलून गेले, "आत्या, उद्या चौघं जण तुला बाजेसकट उचलणार आहेत!"

प्रकाशदादाने कपाळाला हात लावला.

"चौघं?" आत्या म्हणाली. "म्या अजून जित्ती हाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मभर मराठी बोलते, मराठी शिकवते, आणि चौघांनी उचलणं म्हणजे आपल्याकडे काय, हे मला कळू नये? संदेशाच्या कागदावर 'चौघांनी उचलले' हे शब्द मी लाल शाईने अधोरेखित केले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तिच्या उशाशी बसून माफी मागितली. तिने ती उडवून लावली. "चौघांचं जाऊ दे गं. दोन वर्सं झाले, पाणी मागू राह्यले, कूस बदलायला हाका मारू राह्यले. आता रस्त्यानं वरात काढू का माझी? लाज वाटती."

इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना मी त्या चौघांच्या विश्वासाचं कौतुक केलं होतं. भर गर्दीत, सगळ्यांच्या नजरांसमोर, स्वतःला उचलू देणाऱ्या माणसाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यात अवघड काम तर त्याचं होतं.

सकाळी शेजारचे बिराजीमामा दूध घेऊन आले. मेंढरं राखणारा माणूस, ख्रिस्ती नाहीत, पण घरातलेच. सगळं ऐकून म्हणाले, "चार चालत न्हाईत ना? मंग पाच करू! खांद्यावर न्हाई, हातावर धरू. मी अन् माझे दोघं भाऊ, परकाश, अन् पाचवी ही मास्तरीण."

"हिच्यानं व्हतंय का?" आत्याने मला आपादमस्तक पाहिलं आणि खुदकन हसली. मग म्हणाली, "ती नवी चादर टाका. अन् माझी पांढरी साडी काढा."

पाच मिनिटांच्या वाटेला आम्हाला तास लागला. "ए, थांबा!" म्हणून तिने बाज तीनदा खाली ठेवायला लावली. एका घरच्या सुनेचं बाळ पाहायला, पिठाच्या गिरणीवाल्याला जुन्या भांडणाची आठवण करून द्यायला, आणि एकदा नुसतंच वर बघायला. माझे हात भरून आले होते, आणि हसून हसून पोटही.

भक्तीत मी कागद बाजूला ठेवून त्या उचलू देणाऱ्या माणसाबद्दल बोलले. मदत करणं आपल्याला जमतं, मागताना जीभ अडते. देवाची कृपासुद्धा रिकाम्या हातांनीच घ्यावी लागते. दाराशी बसलेल्या बिराजीमामांनी मध्येच विचारलं, "मंग ते माळवद नीट कुणी केलं?" गावातली जुनी मातीची छपरं त्यांनी आयुष्यभर लिंपलेली. शुभवर्तमानात ते लिहिलेलं नाही, असं मी कबूल केलं. आत्या बाजेवरूनच म्हणाली, "त्या बाजंवाल्यानं केलं आसंल. पाय आल्यावर आधी तेच केलं आसंल."

आत्या चालली नाही. ते खोटं मी लिहिणार नाही. पण तिने मोठ्याने प्रार्थना केली, गाण्यात सगळ्यांच्या पुढे पळाली आणि हुरडा खाऊन परतली.

नगरला येऊन आठवडा व्हायचा होता. खांदे अजून दुखत होते, आणि मला एकच काळजी होती की पाहुणी गेली, हौस फिटली, बाज पुन्हा भिंतीला लागली असेल. शनिवारी संध्याकाळी आत्याचाच फोन.

"बिराजी भावांला घेऊन मेंढरांमागं गेलाय. परकाश एकटाच हाय. म्या सकाळधरनं हाका मारू राह्यले रस्त्यानं जाणाऱ्याला."

"कुणाला, आत्या?"

"दिसंल त्याला. गिरणीवाला बी येतो म्हणला. जल्दी सांग, उद्या भक्तीला जायचं, तर याहून मोठी बाज कुठं मिळंल? सहा जण झालेत, अन् पाचव्याच्या पुढं धरायला जागाच न्हाई."