पोट सुटलेला सहा

उभ्या गाडीच्या मागून सर साधे चालत कधी गेलेच नाहीत. गाडी दिसली की थांबायचे, डावा डोळा मिटायचे आणि एकेक पाऊल मागे सरकत जायचे. पाठ कुणाच्या तरी कुंपणाला टेकली की मग निकाल द्यायचे, "नाही. आकडा बोलत नाही." एकदा असेच सरकता सरकता ते माझ्या दुकानासमोरच्या गटारात गेले. मी धावत बाहेर आलो, तर गुडघाभर गटारात उभे राहून म्हणतात, "इथून मात्र बरा दिसतोय."

सर महाडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. माझं स्टेशनरीचं दुकान त्यांच्या घरासमोर, त्यामुळे त्यांचे ब्रश आणि रंग माझ्याकडूनच जायचे. शाळेत त्यांनी किती चित्रकार घडवले ते मला माहीत नाही, एकही नसावा. पण आमच्या आळीतल्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट सरांच्या हातची होती. गाडी घेतली की माणूस आधी देवळात जायचा आणि तिथून थेट सरांच्या ओटीवर. सर पत्रा घासायचे, पिवळा नाहीतर पांढरा हात द्यायचे, दोन दिवस वाळवायचे आणि मग तुळशीजवळ मांडी घालून आकडे काढायचे. बदल्यात काही घ्यायचे नाहीत. फक्त प्लेट स्वतः गाडीवर चढवायचे. "नवरी सजवायची आणि बोहल्यावर दुसऱ्यानं उभी करायची, असं चालत नाही," म्हणायचे.

तुमच्याही गावात असा एखादा गृहस्थ असेल. ज्याला कुणी नेमलेलं नसतं, पण त्याच्याशिवाय ते काम होतच नाही. अशा माणसांचा थोडा त्रासही होतो. सर दर दसऱ्याला गाड्यांभोवती फिरून आपल्या आकड्यांची तपासणी करायचे आणि रंग उडाला असेल तर मालकाला झापायचे. मी दोनदा झापून घेतलंय.

पण साऱ्या महाडात सर्वांत वाईट नंबरप्लेट कुणाची, असं विचारलंत तर उत्तर एकच होतं. सरांची स्वतःची.

ती काकूंनी काढलेली होती. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पोलादपूरच्या वर डोंगरातल्या कुडपण गावच्या. शाळा चौथीपर्यंत. सरांनी पेणच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली, पत्रा घासून तयार केला, ब्रश भिजवला, आणि काकू समोर येऊन बसल्या. "सगळ्या गावाला चितरं शिकवलीत. माझ्या हातात कदी ब्रश दिलात?" हे मला सरांनीच सांगितलं, आणि सांगताना ते चष्मा पुसत होते. त्यांनी ब्रश दिला आणि आपले हात मांडीखाली दाबून बसले, कारण ते सारखे पुढे जात होते. काकूंनी दुसऱ्या गाडीकडे बघून बघून आकडे काढले. बाकीचे बरे जमले. पण रायगडच्या शून्य-सहातला सहा असा निघाला की पोट सुटलेला, पाय नसलेला, जेवून भिंतीला टेकून बसलेला माणूस.

"थोडं सुधारून देऊ?" सरांनी विचारलं.

"हात लावाल तर बघा."

सरांनी हात लावला नाही. प्लेट तशीच चढली. पुढे दर दसऱ्याला काकू त्यावरून नवीन रंगाचा हात फिरवायच्या आणि वर्षागणिक सहाचं पोट आणखी पुढे यायचं. बाजारातले लोक हाक मारून विचारायचे, "सर, सहाला काय खायला घालता?" सर ऐटीत सांगायचे, "तो माझा नव्हे. मालकिणीचा आहे." एरवी दुसऱ्याच्या आकड्याला केसभर वाकडेपणा माफ न करणारा हा माणूस त्या सहाकडे बघायचा तेव्हा दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायचा.

आणि मग सरकारनं सगळ्या जुन्या गाड्यांना एकसारख्या, यंत्रानं छापलेल्या पाट्या सक्तीच्या केल्या. आम्हाला वाटलं, सर खचणार. त्यांच्या हातचं सगळं काम आळीतून एका दिवसात उतरणार होतं. मी जरा सांत्वनाच्या सुरात विषय काढला, तर सर खूश! "अरे, उभा जन्म मी वर्गात सांगत होतो, अक्षर एकसारखं काढा. एकानं ऐकलं नाही. आता अख्ख्या राज्यानं ऐकलं."

प्लेट घरी येऊन बसवून देतात असं कळल्यावर आळीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवसाची वेळ घेतली. बसवणाऱ्या माणसानं फोनवर सांगितलं की जुने गंजलेले स्क्रू तेवढे काढून ठेवा. सरांनी लगेच जाहीर केलं, "मी चढवल्या, मीच उतरवणार."

आदल्या संध्याकाळी काकूंच्या शिलाई मशीनच्या तेलाची डबी घेऊन ते प्रत्येक गाडीपाशी बसले. प्रत्येक स्क्रूला थेंब, वर एक टिचकी, आणि "मुरू दे रात्रभर." सकाळी कामाला लागले. बंपरच्या मागे हात घालून पान्यानं नट धरायचा, पुढून स्क्रू सोडायचा. मागचा नट धरला नाही तर दोन्ही एकत्र गरागरा फिरत राहतात. मी माझ्या गाडीवर तो प्रयोग सकाळभर करून बसलो होतो. सरांनी मला बाजूला सारलं. एका स्क्रूचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं, त्याला करवतीच्या पात्यानं नवी खाच पाडली आणि काढला. प्लेट निघाली. मागे वाळलेली माती, एक पान, मुंग्यांचं रिकामं घर आणि मूळच्या रंगाचा स्वच्छ चौकोन. माझी गाडी एके काळी किती लाल होती, ते मला तेव्हा कळलं.

प्लेट निघाली रे निघाली की सर खिशातून खडू काढायचे आणि उघड्या बंपरवर तोच नंबर सुबक अक्षरात लिहायचे. "गाडी घटकाभरही बिननावाची राहता कामा नये." बसवणारा दुपारी येणार होता, तोवर आळीभर खडूचे नंबर.

आमच्या आळीतल्या मेडिकलवाल्यांना याचा पार विसर पडला. ते जेवून उठले आणि सवयीनं गाडी घेऊन पोलादपूरला निघाले. वाटेत हवालदारानं अडवलं. "ही काय शाळा हाय का? फळ्यावर लिव्हल्यासारका नंबर?" मेडिकलवाले खाली उतरून बघतात तो काय! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. हवालदार मात्र वाकून आकडे न्याहाळत होता. "हा तर आमच्या सरांचा सहा," तो म्हणाला. "ह्यो मी बी गिरवलाय, शंभर बारी. साहेब, हितनंच मागं फिरा, सरळ घरी जावा. आभाळ आलंय. पाऊस पडला तर नंबर जाईल वाहून, मग मला माझं काम करायला लागंल." मेडिकलवाले आभाळाकडे बघत जे परतले ते थेट सरांच्या ओटीवर. ही गोष्ट आळीत पंधरा दिवस पुरली.

त्या दिवशी एकाच गोष्टीनं माझं तोंड कडू झालं. बसवणाऱ्या माणसानं नवीन प्लेटा लावल्या, त्यांची लॉकं टक् टक् करून बसली, आणि तो म्हणाला, जुनी प्लेट कुणाच्या हाती लागून गैरवापर होऊ नये, ती मोडून टाका. सरांनी पत्रा कापायची कात्री आणली. मी म्हटलं, "सर, माझी राहू द्या. तुमच्या हातची आहे, दुकानात लावीन."

"माझ्या हातची आहे, म्हणून माझ्याच हातानं. कायदा म्हणजे कायदा."

आणि माझ्या डोळ्यांदेखत कर्रकन दोन तुकडे. मेडिकलवाल्यांचेही. पलीकडच्या वकिलांचेही. वकील कायद्याचं काहीतरी बोलायला लागले तर सरांनी त्यांना वर्गाबाहेर काढतात तसा हात केला. मला राग आला. खरं सांगायचं तर अजून थोडा आहे.

पण आमच्या लक्षात आलं की त्या दिवशी एक गाडी ओळीत नव्हतीच. सरांची.

"सर, तुमची प्लेट?"

"मुदत वाढली आहे ना!" सर म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.

मुदत खरंच वाढली. मग पुन्हा वाढली. प्रत्येक वेळी सर पेपर घेऊन माझ्या दुकानात यायचे आणि बातमी वाचून दाखवायचे. आम्ही सगळे ओळखून होतो. नवी प्लेट लागली की जुनी कापावी लागणार, आणि इतरांच्या कापून बसल्यावर स्वतःची ठेवायला सर धजणार नाहीत. मेडिकलवाले तर दिवस मोजत होते. "बघू या आता, कायदा म्हणजे कायदा म्हणणारे काय करतात." आम्ही वाईट लोक नाही, पण एवढी मजा कुणाला नको असते?

शेवटची मुदतही संपली, शिमगा जवळ आला आणि गोष्ट गळ्याशी आली. काकूंना पालखीला माहेरी जायचं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना वर जायचं तर घरच्या गाडीशिवाय सोय नव्हती, आणि पोलादपूरला गाड्या तपासत होते. सर म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. काकूंनी ओटीवरूनच, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सुनावलं, "त्या पत्र्यापायी माझी पालखी चुकवता? काय मंगळसूत्र हाय का माझं ते? काढा आनि लावा नवीन!"

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे जमलो. चहासुद्धा होता. सरांनी नेहमीप्रमाणे नट धरला, स्क्रू सोडले, खडूनं नंबर लिहिला. माणूस आला, नवीन प्लेट लागली, माणूस गेला. जुनी प्लेट ओटीच्या कडेवर होती, सहा पोट पुढे काढून. सरांनी कात्री उचलली. पत्र्याला लावली. काढली. पुन्हा लावली.

"उद्या कापू," ते म्हणाले. "आज उन्हानं पत्रा तापलाय."

"सर, कायदा म्हणजे कायदा!" मेडिकलवाले ओरडले आणि सगळे हसले. मीही हसलो. मग सरांनी मान वर केली, आणि एकेकाचं हसू जागच्या जागी थांबलं. चारचौघांत शब्द जाणार की ती प्लेट जाणार, एवढंच उरलं होतं, आणि त्यांना दोन्ही सोसवणार नव्हतं. आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

काकू आतून आल्या. गुडघ्यावर हात देत खाली बसल्या, सरांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि विळीवर भाजी चिरावी तशी प्लेट मधोमध कापली. सहाच्या पोटातूनच.

"घ्या. झाला तुमचा कायदा. आता चहा घ्या, गार व्हतो."

सर दोन्ही तुकड्यांकडे बघत बसून राहिले. मग त्यांनी मुकाट्यानं कप उचलला.

रिकामे कप द्यायला मी आत गेलो. काकू माझ्याकडे पाठ करून मोरीत भांडी विसळत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "काकू, तुम्ही एवढी वर्षं रंगवलेली..."

"त्यांनी कापली असती तर जल्मभर त्यांच्या मनाला लागलं असतं," त्या वळून न बघता म्हणाल्या. "नाय कापली असती तर तुमी सगळ्यांनी त्यांना जगू दिलं नसतं. माझी व्हती, मीच कापली. कुनाचं काय गेलं?"

नळ चालूच होता. त्या घटकेला मला त्या दोघांचा फार हेवा वाटला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कुडपणला गेली ती पालखी झाल्यावरही परतली नाहीत. काकूंचे भाऊ वर एकटेच आहेत, त्यांना सोबत झाली. वरची हवा गुडघ्यांना मानवते म्हणे. सरांचा फोन येतो तेव्हा आवाज अगदी ठणठणीत असतो. महाडातलं घर बंद आहे, पण त्यात रडण्यासारखं काही नाही. माणसं सुखात असली की घर बंद असलं तरी चालतं.

फक्त एक झालंय. पूर्वी हायवेला सरांची गाडी मी लांबून, मागूनच ओळखायचो. आता सगळ्याच पाट्या सारख्या. परवा पोलादपूरला जाताना पुढे तशीच पांढरी जुनी गाडी दिसली. मी हॉर्न मारत, वेग वाढवत तिच्या बरोबरीला गेलो आणि काचेतून जोरात हात केला. आत कुणीतरी अनोळखी जोडपं होतं. ती दोघं आधी दचकली, मग बाईंनी बिचकत बिचकत हात हलवला. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. तरी पांढरी गाडी दिसली की मी पुढे जाऊन आत बघतोच.