दाजीकाकांची मोगरी

जेवणावर ताक पिऊन लवू मेस्त्री भुशाच्या पोत्याला पाठ टेकतो. समोर फणसाच्या लाकडाचा गरुड हात जोडून बसलाय. चोच झाली, पंख झाले, डोळे तेवढे राहिलेत. उद्या सकाळी देवळात सप्ताह बसतो, त्याआधी गरुडाला देवासमोर बसवायचं. आणि सरावाच्या ओंडक्यावर लवूने कोरलेले तिन्ही डोळे चिरलेत. पापण्या जडावतात. पत्र्यावरचं ऊन हळूहळू टाळ धरतं.

भुशात दाजीकाका बसलेत. लवूला पटाशी धरायला शिकवणारे हेच. जाऊन सहा वर्षं झाली, पण पेन्सिल अजून कानावर आहे.

"कशाने मारलंस?"

"हातोड्याने. नवा आणलाय, लोखंडी."

"डोळा उघडतोयस की खिळा ठोकतोयस, मेल्या?"

लवू हसत उठतो तो थेट सभामंडपातच. कीर्तनाला बुवा उभे राहतात त्या जागी पटाश्या ओळीने मांडल्यात. श्रोते फणसाच्या फांद्यांवर बसलेत आणि त्यात नवल असं काही नाही.

दाजीकाका एकेक पटाशी नखावर वाजवतात. "ही रुंद, पंखांची. ही सपाट, खाचांची. डोळ्याला ही, गोल तोंडाची. बुबुळाभोवती आपणहून वळते. पण मारायचं लाकडाने. लोखंड ओरडतं, लाकूड समजावतं. माझी चिंचेची मोगरी कुठाय?"

"देव्हाऱ्यात. रोज हळदकुंकू लावतो."

"सहा वर्षं?"

"दसऱ्याला झेंडूचा हारसुद्धा."

दाजीकाका इतके हसतात की वरच्या फांद्या हलतात. "म्हणजे बुवांना पाटावर बसवून नुसतं ओवाळलंस! कीर्तनाला उभं राहूच दिलं नाहीस की रे!"

"तुमची ती, काका. माझ्या हातून फुटली तर?"

"मला पुरून उरली ती. तुझ्या फटक्याने काय होणार तिला?" ते मोगरी त्याच्या तळहातावर ठेवतात. ती कोमट आहे, आत्ताच कुणी खाली ठेवावी तशी. "पूर्वरंग पुष्कळ झाला, लवू. आता उत्तररंग. हळू, पण न थांबता."

ठक.

लवू डोळे उघडतो. ऊन जेमतेम वीतभर सरकलंय. तो घरात देव्हाऱ्याशी जातो. मोगरी जागेवरच आहे, पण तिच्या माथ्यावरचं सहा वर्षांचं कुंकू पुसून गेलंय. खाली चिंचेचं लाकूड तेल प्यायल्यासारखं चकाकतंय.

"अगो, मोगरीला हात लावलास?"

"मी?" बायको चुलीकडूनच म्हणते. "तुमच्या त्या देवाला मी शिवते का कधी!"

लवू उजवा हात उजेडात धरतो. तळवा लालभडक.

हात न धुताच तो मोगरी उचलतो, गोल पटाशी घेतो आणि गरुडासमोर मांडी घालतो. गरुडाचं कपाळ धरताना अंगठ्याचं कुंकू तिथे उमटतं. ते तो तसंच राहू देतो. पहिला घाव बसतो. पापणीवरून ढलपी वळत वळत निघते, अखंड, आणि त्याच्या मांडीवर येऊन पडते.