अक्कांच्या गजऱ्यातला रुपया

अक्कांच्या हातात सुटे पैसे पडले, की ते सरळ रस्त्याने कधी परत यायचे नाहीत. भाजीवालीला तिचा रुपया तिच्याच कोथिंबिरीच्या जुडीत सापडायचा. दूधवाला तर इतका सरावला होता, की कॅन खाली ठेवून निमूट कान पुढे करायचा. पुण्याहून बेंगळुरूच्या कंपनीत नोकरीला लागून मी चामराजपेटेत त्यांच्या माडीवरची खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी किल्ल्या देता देता त्यांनी माझ्या कोपरातून एक रुपया काढला आणि बजावलं, "पैसे असे कुठंही ठेवू नकोस ग."

अक्कांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं, की मला सुरुवातीला निम्मं कळायचं आणि उरलेलं मी अंदाजाने हसून साजरं करायची. त्या कन्नड शाळेत बालवर्गाच्या शिक्षिका होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं आईसाठी रडून वर्ग डोक्यावर घ्यायची. त्यांना गप्प करायला अक्कांनी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या बाजारातल्या एका जादूवाल्याकडून नाण्यांचे खेळ शिकून घेतले. निवृत्त झाल्यावर रडणारी पोरं संपली, खेळ मात्र सुटले नाहीत.

हे खेळ खरे रंगायचे ते नवरात्रात. इकडे घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात आणि संध्याकाळी गल्लीतली पोरं दारोदार जाऊन "गोंबे कूरसिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, असं विचारतात. बाहुल्या बघायच्या, खाऊ घ्यायचा, पुढच्या घरी पळायचं, असा रिवाज. अक्कांच्या घरून मात्र पोरं हलायची नाहीत, कारण बाहुल्यांसमोर अक्का बसायच्या आणि हातातला रुपया कोपरावर घासून घासून नाहीसा करायच्या.

एका वर्षी श्रावणापासूनच अक्कांची बोटं आखडली. उजव्या हाताची तर अर्धवट मिटलेलीच राहायची, पुरती उघडायची नाहीत. एके दिवशी मी ऑफिसातून आले, तर बाहुल्यांची ट्रंक त्या पुन्हा माळ्यावर चढवायला सांगत होत्या. यंदा बाहुल्या नाहीत म्हणाल्या. मी कारण विचारलं, तर बाहुल्यांतल्या लाकडी राजाराणीकडे बघत म्हणाल्या, "पोरं काय यांना बघायला येतात होय? माझा हात बघायला येतात. तोच नाही तर कशाला मांडायचं सगळं?"

अक्कांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला ते सहनच होईना. काही विचार न करता मी बोलून गेले, की बाहुल्या मांडा, खेळ मी करते. बोलून झाल्यावर लक्षात आलं, की आपल्या हातून चहाचा कपही धड टिकत नाही.

पण एकदा ठरल्यावर मी कसली ऐकते. मला नाणं बोटांच्या पेरांवरून चालवायचं होतं, अगदी रुबाबात, या टोकाकडून त्या टोकाकडे. अक्कांनी अडवलं नाही. फक्त नवा स्टीलचा रुपया काढून घेतला आणि जुना, मोठा, कडेला रेघा असलेला दिला. नवा निसटतो, शिकणाऱ्याने जुनाच घ्यावा, हा त्यांचा पहिला नियम. मी तो जुनाही पाडला. खाटेखाली पाडला, मोरीत पाडला, एकदा तर ताकात पाडला. मग मी म्हटलं, दुसरा एखादा खेळ द्या, ग्लासातून आरपार जाणारं नाणं वगैरे. अक्का त्या ताकातून रुपया चमच्याने काढत होत्या.

"खेळ मागून निवडायचा ग. पहिल्यांदा हात बघायचा. तू पाडतीस. मग ज्यात पाडावं लागतं, तोच खेळ घे की."

असा खेळ त्यांच्याजवळ होता, आणि तो त्यांचा स्वतःचाच, कोपराचा. डावा हात दुमडून मानेशी धरायचा, उजव्या हाताने रुपया कोपरावर घासायचा आणि मुद्दाम पाडायचा. पडला की बघणारे हसतात, सैल होतात. मग तो डाव्या हाताने उचलून उजव्यात दिल्यासारखं करायचं, डावा हात पुन्हा मानेशी न्यायचा आणि रुपया मागे टाकून द्यायचा. अक्का तो आपल्या अंबाड्यावरच्या गजऱ्यात खोवायच्या. माझे केस आखूड, म्हणून आम्ही कॉलर ठरवली. शर्ट घालून मी रोज सराव केला. पाडण्यात माझा हात कुणी धरला नसता, आणि बाकीचंही स्वल्प स्वल्प जमू लागलं. माझ्या तोंडी थोडंथोडंऐवजी कन्नड स्वल्प आलं म्हणून अक्का खूश, आणि ट्रंक माळ्यावरून उतरली.

पहिल्या माळेला अक्कांनी मला त्यांची मोरपंखी म्हैसूर सिल्क नेसवली. अशी काही मिरवले मी. पोरं आली, राजाराणीसमोर दाटीवाटीने बसली. अक्का बाजूला वेताच्या खुर्चीत. मी रुपया घासला, पाडला, पोरं खिदळली, सगळं झकास. मग डावा हात मानेशी नेला आणि बोटांना नुसती मान लागली. ब्लाउजला कॉलर कुठली? इतके दिवस सराव केला, पण हे ना मला सुचलं ना अक्कांना. पण बोटांना सवय झालेली, त्यांनी रुपया सोडून दिला. तो गारेगार पाठीवरून घसरत कमरेपाशी आला आणि माझ्यामागे फरशीवर खणकन पडला.

पोरांनी माना वाकड्या केल्या. शेजारची मंजू, सगळ्यांत चौकस, माझ्यामागे वाकून म्हणाली, "अक्का, यांचा पडला."

मी रडायच्या बेतात होते. अक्का मात्र शांतपणे म्हणाल्या, "तो कुणाचा तरी असेल. हिचा इथं आहे की." आणि तोच मिटलेल्या बोटांचा उजवा हात त्यांनी मंजूच्या कानामागे नेला. बाहेर आला तेव्हा बोटांत जुना मोठा रुपया होता. मंजूने फरशीवरचा उचलला, अक्कांच्या हातातला बघितला, आणि पोरांनी जो कल्ला केला, त्याने राजाराणी पायरीवर डुगडुगली.

पोरं गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला तर काही करता येत नव्हतं ना? अक्का मिटलेल्या मुठीकडे बघून चक्क लाजल्या.

"उघडत नाही म्हणून रडत बसले बघ. न उघडणाऱ्या मुठीत काय आहे, कोण विचारतंय? सकाळपासून रुपया आत होता. तुला शिकवताना माझाच हात बघायचा राहिला होता ग."

नंतरची सगळी नवरात्रं अक्कांनी त्याच हाताने गाजवली. मी पाडायचं, त्यांनी काढायचं, अशी आमची जोडी गल्लीत ठरूनच गेली. लग्न होऊन मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंक्याला गेले, तरी दसऱ्यात दोन बस बदलून पाडायला यायची. मग एका वर्षी अक्काच राहिल्या नाहीत. दूधवाला आला, कॅन खाली ठेवून उगाच थोडा वेळ उभा राहिला आणि तसाच गेला.

लाकडी राजाराणी आता माझ्याकडे असते. पोरं इथेही येतात, बाहुल्या बसवल्यात का विचारतात. अक्कांची आठवण येते, पण रुपया वेळेवर पडतो. पहिल्या माळेसाठी मी दरवर्षी ब्लाउजला कॉलर लावून घेते. कोपऱ्यावरचा टेलर दरवर्षी सांगतो, सिल्कच्या साडीवर हे शोभत नाही. मी म्हणते, सरी, बरोबर आहे तुमचं, तरीही लावा.