भावजींचा जेट

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत ढवळणं म्हणजे काय हे कळलेला माणूस एकच, आमचे धाकटे भावजी. दुसरा असलाच तर त्यानं माझ्या घरी येऊ नये, कारण एकानंच माझ्या स्वयंपाकघराचं छत रंगवून ठेवलंय. भावजी लातूरच्या एका तेलाच्या कारखान्यात टाक्यांवर होते. टाकी म्हणजे आपल्या गच्चीवरची नव्हे, दुमजली घराएवढी. तिच्यात कच्चं सोयाबीनचं तेल साठवलं की गाळ तळाला बसतो. मग एका टँकरला पातळ तेल जातं आणि दुसऱ्याला नुसता चिखल. ते हलतं राहावं म्हणून लोक टाकीत मोठा पंखा फिरवतात. पंख्याचं नाव काढलं की भावजींचं तोंड कडू व्हायचं. त्यांचा देव म्हणजे जेट. टाकीतलंच तेल पंपानं ओढायचं आणि तळाशी बसवलेल्या निमुळत्या तोंडातून जोरात परत सोडायचं, झालं. "वहिनी, एक बादली जोरात सुटली ना, की शेजारच्या चार बादल्यांना हाताला धरून ओढून नेते!" हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

बरं, घरी तरी गप्प बसावं? चहात चमचा चालत नाही. दोन पेल्यांतून हातभर धार धरायची. एकदा नांदेडला आले आणि कूलरचा नवाकोरा पंप माझ्या ताकाच्या पातेल्यात सोडला. ताक एकजीव झालं, खोटं कशाला बोलू. पण निम्मं छतावर गेलं. "नळी वर आली वहिनी, धार बुडालेलीच पायजे," म्हणाले, जशी काही चूक माझ्या ताकाचीच. पुतणीच्या लग्नात दोन्हीकडचे पाहुणे भिंतीला टेकून मुके बसले होते, तर यांनी मला नेऊन मधोमध बसवलं. "तुम्ही निस्तं बोला. बाकीचे आपोआप फिरतेत." आणि खरंच फिरले हो!

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मात्र त्यांची परीक्षाच झाली. कारखान्यात नवी टाकी उभी राहिली आणि नव्या साहेबांनी तिच्यात पंखा बसवायचं ठरवलं. भावजी थेट शेठजींपुढं जाऊन उभे राहिले. शेठजी म्हणाले, "काका, एक दिवस देतो. वरचं, मधलं आणि तळाचं तेल तीन बाटल्यांत एकसारखं दिसलं तर तुमचा जेट राहील. नाही तर जेट भंगारात, अन् पंखा टाकीत." मी तेव्हा डोळे तपासायला लातूरला गेले होते. भावजींनी मलाही सोबत नेलं.

नव्या टाकीत जेट त्यांनी स्वतः बसवला होता, बाहेरचा पाइप तेवढा फिटरवर सोपवलेला. दुपारी बाटल्या आल्या. वरची सोन्यासारखी, तळाची काळपट. साहेबांनी नुसतं घड्याळाकडं बघितलं. भावजींचा चेहरा मला बघवेना. काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "आमच्या भिशीवानी झालं हो. शेजारी बसलेल्या दोघी आपसातच बोलतेत, कोपऱ्यातलीला काही पत्ताच न्हाई."

भावजी ताडकन उठले. पाइप चाचपत टाकीभोवती गेले आणि फिटरवर ओरडले, "अरे लेका, ओढायचं तोंड जेटच्या बाजूलाच घेतलंस का?"

"पाइप वाचला ना काका!" तो बिचारा छाती फुगवून म्हणाला.

तेच ते तेल तिथल्या तिथं घिरट्या घालत होतं. टाकीला पलीकडच्या अंगाला आणखी एक तोंड होतं. पाइप तिथं जोडला आणि पंप पुन्हा चालू केला. ऊन कलताना तीन बाटल्या पुन्हा ओळीनं ठेवल्या, तर वरची कुठली आणि तळाची कुठली, साहेबांनाही सांगता येईना. "मानलं काका," ते म्हणाले. ताप उतरलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा भावजींनी टाकीला हात लावला.

पंखा काही आला नाही. भावजी निवृत्त झाले. त्यांच्या बरोबरीच्यांना अजून बोलावणं येतं, कुठं बेअरिंग गेलं, कुठं पट्टा तुटला. भावजींना येत नाही. त्या टाकीच्या आत फिरणारं काही नाहीच, तर मोडणार काय? पंप बाहेर, तो कुणीही खोलतो. मग हेच संध्याकाळी स्कूटर काढून फाटकाशी जातात आणि वॉचमनला विचारतात, "टाकीचा आवाज कसा हाय?"

"एकसारखा हाय, काका."

परवा लातूरला गेले तेव्हा मी मागं बसले होते. स्कूटर वळवता वळवता हळूच म्हणाले, "वहिनी, पंखा असता तर वर्षातून एखाद्या वेळेस तरी बिघडला असता."